एका खुर्चीपुरते सोने

एकदा एका शिष्याने देवाघरची भिंत सोन्याने मढवली, आणि ती सोन्याची आहे हे फक्त एकाच माणसाला दिसले. ही गोष्ट त्या भिंतीची आहे, त्या शिष्याची आहे आणि थोडीशी एका खुर्चीचीही आहे.

गोष्ट इटलीतली आणि फार जुनी. समुद्राकाठच्या एका शहरात एक बॅसिलिका होती. बॅसिलिका म्हणजे जुन्या घडणीचे, लांबच लांब चर्च. आपल्याकडे आधी सभामंडप आणि त्याच्या टोकाला गाभारा असतो, तसाच काहीसा तिचा आराखडा. मधोमध रुंद दालन, दोन्ही बाजूंना संगमरवरी खांबांच्या रांगा आणि त्या रांगांपलीकडे पडवीसारखे दोन अरुंद सोपे. हे खांब काही एका खाणीतून घडवून आणलेले नव्हते. आसपासच्या पडक्या इमारतींमधून जे मिळाले ते लोकांनी ओढत आणले होते. एक हिरवट, एक गुलाबी, एकाच्या माथ्यावर पाने कोरलेली, तर दुसऱ्याच्या माथ्यावर मेंढ्याची शिंगे. जो आखूड पडला त्याच्या पायाखाली उंच बैठक सरकवली, जो लांब भरला तो जमिनीत गाडला. त्यामुळे वर सगळ्यांची डोकी एका रेषेत आणि खाली पायांचा मात्र सावळागोंधळ. मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो. देवाच्या दारी इतपत सांभाळून घेणे चालायचेच.

त्या दालनाच्या टोकाला, वेदीच्या मागे, अर्धा घुमट होता. नारळाची करवंटी उभी चिरून भिंतीला टेकवावी, तसा. तो घुमट अजून कोरा होता, नुसता चुन्याचा गिलावा. त्यावर चित्र कोण घडवणार, हा त्या शहरातला मोठा प्रश्न होता.

चित्र घडवणार म्हणजे रंगवणार नव्हे. तिकडच्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवरची चित्रे काचेच्या बारीक तुकड्यांनी बनवत. ओल्या चुन्यात नखाएवढे तुकडे एकेक करून बसवायचे. निळे तुकडे, हिरवे तुकडे आणि सगळ्यात मानाचे म्हणजे सोनेरी. दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख घालून ते तयार करत. अशा सोन्याचे आकाश करायचे आणि त्या आकाशाखाली संत, देवदूत, झाडे, मेंढ्या जे काय असेल ते.

या कलेतला एक वृद्ध जाणकार त्या बॅसिलिकेत राहत होता. तिकडचे लोक त्याला त्यांच्या भाषेत काय म्हणत ते राहू द्या, आपण गुरुजी म्हणू. साऱ्या आयुष्यात गुरुजींनी कित्येक भिंती उजळल्या होत्या. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. परांचीवर चढायचे म्हटले की ते आधी गुडघ्यांना हात जोडत. मग आपल्या शिष्याला म्हणत, "नेरिओ, तूच जा वर. माझं देवाशी बोलणं खालूनच होतं."

हा नेरिओ हुशार होता, मेहनती होता आणि फरशी बसवणाऱ्यांच्या घराण्यातला होता. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या बापाने, आजोबांनी संगमरवराच्या फरश्या घातल्या होत्या. फरशीचा एखादा तुकडा जरासा वर आला की माणूस ठेचकाळतो, हे बाळकडू त्याला पाळण्यातच मिळालेले. कुठे उंचवटा दिसला की त्याचा हात आपोआप तो दाबायला जाई.

बॅसिलिकेचा सगळा खर्च रेशमाचा एक व्यापारी करत होता. त्यालाही आपण शेठजी म्हणू. माणूस दिलदार, पण नाकावर माशी बसू देणार नाही असा. दालनात उजव्या हाताला, एका हिरव्या खांबाशेजारी, त्याची कोरीव पाठीची खुर्ची होती. बाकी सारे गाव उभे राही किंवा जमिनीवर बसे. शेठजी खुर्चीवर बसत, त्यांच्या मागे उशी घेऊन त्यांचा नोकर उभा राही. देवाकडे पाहण्याची त्यांची हीच एक जागा.

शेठजींनी नेरिओला आपल्या खुर्चीसमोरच्या खांबांवरची भिंत दिली होती. झाड, तीन मेंढ्या आणि वर सोन्याचे आकाश. "सणाच्या दिवशी माझ्या खुर्चीवरून बघेन," ते म्हणाले होते. "मनाला आलं तर घुमट तुझा. नाही आलं तर दुसऱ्या शहरातले कारागीर बोलावतो."

तरुण कारागिराच्या दृष्टीने त्या घुमटाचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. असा घुमट एखाद्या पिढीत एखाद्यालाच मिळतो. नेरिओला झोपेतही घुमटच दिसू लागला.

गुरुजी काच पारखून आणायला दूरच्या गावी गेले होते. नेरिओ एकटाच कामाला लागला. झाड उत्तम झाले. मेंढ्या तर इतक्या गुबगुबीत झाल्या की धनगरांची मुले खालून त्यांना नावे देऊन गेली. मग आकाश आले. नेरिओने सोन्याचे तुकडे बसवले आणि प्रत्येक भाग पूर्ण झाला की सपाट पाटी घेऊन ठोकून ठोकून एकसारखा केला. कुठे उंच नाही, कुठे सखल नाही. मधूनच तो खाली उतरे, इकडेतिकडे पाहून शेठजींच्या खुर्चीत बसे, वर पाही आणि खूश होऊन पुन्हा चढे. समोरच्या उंच खिडकीतून सकाळचे ऊन त्या आकाशावर पडे आणि तिथून थेट त्या खुर्चीवर उतरे. अख्खी भिंत पेटल्यासारखी दिसे.

एके सकाळी न राहवून शेठजी आधीच येऊन बसले. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"अरे, सूर्यच आणून ठेवलास की!" ते ओरडले. "सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करतो. घुमट तुझाच."

नेरिओला आभाळ ठेंगणे झाले. त्याने घरी सांगितले, मित्रांना सांगितले, पाववाल्यालाही सांगितले.

सणाच्या आदल्या दुपारी गुरुजी परतले. काचेची पोती उतरवून ते आत आले आणि दारातच थांबून भिंतीकडे पाहत राहिले. मग लंगडत खांबांमागच्या सोप्यात गेले, जमिनीवर बसले. उठून डावीकडे गेले, तिथेही बसले. नेरिओ शाबासकीची वाट पाहत मागे मागे हिंडत होता. शेवटी गुरुजी शेठजींच्या खुर्चीपाशी आले, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि कर्र कर्र आवाज करत ती हिरव्या खांबाच्या पलीकडे ओढून नेली.

"गुरुजी, हे काय करताय?"

"खुर्ची सरकवतोय."

"पण का?"

"तिला ऊन लागत होतं," गुरुजी म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

म्हातारपणी माणसे अशी विचित्र वागतात, असे नेरिओला वाटले. खुर्ची चार पावले इकडे झाली काय अन् तिकडे झाली काय, अशी मनाची समजूत घालून तो सणाचे कपडे पेटीतून काढायला घरी गेला.

दुसऱ्या सकाळी बॅसिलिका तुडुंब भरली. मेणबत्त्या लागल्या, धूप दरवळला, गायन सुरू झाले. शेठजी ठेवणीतला झगा घालून खुर्चीत विसावले, कौतुकाने मान वर केली, आणि त्यांचा चेहराच उतरला. मेंढ्या होत्या. झाड होते. वरचे आकाश मात्र तव्याच्या बुडासारखे काळपट.

प्रार्थना चालू होती म्हणून त्यांनी कसाबसा दम धरला. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच ते कडाडले, "कुठंय तो पोरगा? माझं सोनं कुठे गेलं? इतक्यात काळं पडलं? खोटी काच वापरलीस की काय?"

नेरिओ धावत आला. खुर्चीमागे उभे राहून त्याने वर पाहिले, आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. खरेच अंधार होता. ज्या आकाशासाठी त्याने बोटे सोलवटून घेतली, ते कुठेच नव्हते.

"शेठजी," गुरुजी शांतपणे म्हणाले, "सोनं अस्सल आहे, याची हमी माझी. काम अजून अपुरं आहे. पुरं झालं की मी स्वतः बोलवायला येतो."

गुरुजींच्या शब्दाला मान होता. शेठजी पाय आपटत गेले. सणाची गर्दी मात्र तशीच होती, लोक शिदोऱ्या सोडून सोप्यांत बसू लागले होते.

नेरिओ रडकुंडीला आला. "गुरुजी, तुम्ही खुर्ची हलवलीत म्हणून हे झालं! तिथून झगझगीत दिसत होतं. शेठजी खूश होते."

"ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले. "खुर्ची आत्ता उचलून जागेवर ठेवता येईल. शेठजी येऊन बसतील, सोनं दिसेल, घुमट तुला मिळेल. मी कोणाला काही सांगणार नाही."

"मग ठेवू या ना!"

"ठेव की. माझी ना नाही. फक्त त्याआधी एक कर. या दालनात जिथे जिथे माणसं बसली आहेत, तिथे तिथे जाऊन बस आणि वर बघ. मग ये आणि खुर्ची उचल."

नेरिओ गेला. दाराजवळ कोळी बसले होते, त्यांच्यात बसला. तिथून आकाश काळे. खांबामागे भिकाऱ्यांची रांग होती, तिथे बसला. तिथूनही काळेच. एका कोळ्याने त्याला कोपराने ढोसून विचारले, "मेंढ्या झक्क झाल्यात. पण त्यांच्या डोक्यावर ती काळी फळी कसली ठोकलीय?" नेरिओ उठला.

खांबांमागच्या सोप्यात भाजलेले चेस्टनट विकणारी एक आजीबाई शेवटच्या खांबाला टेकून बसली होती. तिने त्याला जागा करून दिली, मूठभर चेस्टनट हातावर ठेवले. तो कोण आहे हे तिला ठाऊक होते. साऱ्या गावालाच ठाऊक होते, त्यानेच सांगितलेले ना!

"बाळा," ती म्हणाली, "तिथे वर सोनं लावायचंय म्हणे. कधी लावणार?"

नेरिओने तोंडाकडे नेलेला चेस्टनट खाली घेतला.

"घाई नाही रे," तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलं काम वेळ घेतंच. मी आपली दर प्रार्थनेला येते, बघून जाते. म्हटलं, डोळे आहेत तोवर दिसावं."

तिचे चेस्टनट हातात तसेच धरून तो परत आला. त्याला लाज वाटत होती, मनापासून लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त म्हणजे वाईट वाटत होते. गुरुजी वेदीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी खिशातून सोनेरी काचेचा एक तुकडा काढला आणि उन्हात धरला. समोरच्या खांबावर उजेडाचा एक लहानसा ठिपका उमटला.

"हा तुकडा बघ," ते म्हणाले. "हा सपाट आहे. उजेड घेतो आणि एकाच दिशेला देतो. तू सगळे तुकडे एका पातळीत बसवलेस, म्हणून सगळ्यांनी मिळून आपला उजेड एकाच जागी दिला. ती जागा म्हणजे शेठजींची खुर्ची. फरशीला हे शोभतं, कारण फरशीवर पाय चालतात. भिंतीवर नजरा चालतात, आणि नजरा चारी बाजूंनी येतात. म्हणून इथे प्रत्येक तुकडा बसवताना अंगठ्याने जरासा कलवायचा. एक दाराकडे, एक खांबामागे, एक शेठजींकडे. मग सगळं सोनं एकट्या कोणाला दिसणार नाही. पण थोडं सोनं दिसलं नाही असा माणूस या छपराखाली राहणार नाही. जवळून भिंत वाकडी दिसेल, ते खरं. पण देवळात भिंतीला नाक लावून कोण बसतं?"

नेरिओने तो तुकडा घेऊन अंगठ्याने जरासा कलवून पाहिला.

"म्हणजे शेठजींना आधीपेक्षा कमी दिसेल," तो शेवटी म्हणाला.

"दिसेल."

"घुमट जाईल हातचा."

"जाऊ शकतो."

"माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

गुरुजी हसले. "अरे, माझे गुडघे गेलेत. मला घुमट दिला तरी मी चढणार कसा? म्हणून मला हे बोलणं सोपं आहे. ठरवायचं तूच. खुर्ची तिथे आहे आणि छिन्नी इथे आहे."

नेरिओने खुर्चीकडे पाहिले. त्याला घुमट हवा होता, आताही तितकाच हवा होता. मग त्याने छिन्नी उचलली आणि परांची चढू लागला. खालून गुरुजींनी ओरडून सांगितले, "मेंढ्यांना धक्का लावू नकोस. त्या फार छान झाल्यात."

आकाश खरवडून काढायला वेळ लागला आणि नव्याने बसवायला त्याहून जास्त. सगळ्यात मोठा त्रास त्याच्या हाताचाच. तुकडा कलवला की तो हात घराण्याच्या सवयीने पुन्हा दाबायला जाई. नेरिओ स्वतःच्याच हातावर चापट मारी. एकदा त्याचा बाप परांचीवर आला, भिंत जवळून पाहिली आणि त्याने कपाळाला हात लावला. "ही भिंत आहे की कोंबडीनं उकरलेलं अंगण? आपल्या घराण्याचं नाव कोणाला सांगू नकोस बाबा!" असे म्हणून तो तरातरा खाली उतरला.

काम पूर्ण झाले. शेठजींची खुर्ची गुरुजींनी आधीच ओढत हिरव्या खांबाच्या अलीकडे, मूळ जागी नेऊन ठेवली होती. मग ते स्वतः जाऊन शेठजींना घेऊन आले.

शेठजी बसले. मान वर केली. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? आधी अख्खं आकाश झळकत होतं. आता एक ठिणगी इथे, एक तिथे. बाकीच्यांना काय झालं?"

नेरिओ खरे तेच बोलला. "शेठजी, बाकीचे तुकडे दुसऱ्या लोकांकडे बघतायत."

"दुसऱ्या लोकांकडे?" शेठजी खुर्चीतून उठलेच. "भिंत मी दिली, खर्च मी केला, आणि हे बघतायत दुसऱ्यांकडे? बस झालं. दुसऱ्या शहरातले कारागीर बोलावतो मी. चल रे!"

नोकराने उशी बगलेत मारली आणि दोघे दाराकडे निघाले. नेरिओने डोळे मिटून घेतले. घुमट गेला होता. गुरुजींनी काहीच केले नाही, फक्त त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

खांबांच्या रांगेवरून जाता जाता शेठजींनी रागाने एकदा शेवटचे वर पाहिले. आणि त्यांचे पाऊल अडखळले. वरचे सोने हलले होते. ते एक पाऊल पुढे गेले. काही तुकडे विझले, शेजारचे काही पेटले. ते एक पाऊल मागे आले. विझलेले पुन्हा पेटले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आपले मालक अचानक नाचू का लागले हे नोकराला कळेना, तो उशी छातीशी धरून पाहत राहिला.

नेरिओने काही सांगायला तोंड उघडले. गुरुजींनी बाही ओढली.

शेठजी दारापर्यंत गेले. आकाश त्यांच्याबरोबर गेले. ते वळून खांबांमागच्या सोप्यात शिरले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या बाजूला गेले असावेत, कारण तिथल्या खांबाच्या उंच बैठकीला त्यांचा पाय लागला आणि त्यांनी खांबालाच "सांभाळून!" म्हटले. मग एका खांबाआडून त्यांचे डोके बाहेर आले. मग पुढच्या खांबाआडून. दर वेळी ते वर पाहत होते आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी थोडा लहान मुलासारखा होत होता. साऱ्या दालनाला वळसा घालून, झगा सावरत, धापा टाकत ते परत आले.

"अरे, ते माझ्याबरोबर चालतंय!" ते म्हणाले. "मी जाईन तिथे येतंय!"

"मालक," नोकर हळूच म्हणाला, "तुम्ही तिकडे होता तेव्हा मी इथेच उभा होतो. मला इथूनही दिसत होतं."

शेठजींनी वळून नोकराकडे पाहिले. तो माणूस वर्षानुवर्षे आपल्या खुर्चीच्या मागे उभा आहे आणि त्याला तिथून काय दिसते हे आपण कधी विचारलेच नाही, हे बहुधा त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले. ते बोलले तेव्हा आवाजातला तोरा उतरला होता.

"घुमट तूच कर," ते नेरिओला म्हणाले. "आणि असाच वाकडा कर."

नेरिओ हसत होता आणि डोळेही पुसत होता. गुरुजींनी बाही सोडली.

"पण एक सांग," शेठजींनी विचारले. सवय अशी एकदम थोडीच सुटते! "घुमटही असाच होणार असेल, तर माझी खुर्ची कुठे ठेवायची? बघायला सगळ्यात उत्तम जागा कोणती?"

नेरिओने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी छताची तुळई निरखण्यात गर्क होते.

"शेठजी, तशी जागा आता उरलीच नाही," नेरिओ म्हणाला. "पाय दुखतील तिथे खुर्ची ठेवा."

शेठजी इतक्या मोठ्याने हसले की छपरातली कबुतरे उडाली. हसता हसता त्यांनी नोकराकडून उशी घेतली, खुर्चीवर ठेवली आणि त्याला म्हणाले, "बस जरा. मी अजून एक फेरी मारून येतो."

चार लोकांसाठी म्हणून आपण काही मांडले असेल, तर एकदा शेवटच्या खांबामागे बसून ते पाहून यावे.